लुगड्यातली शिवण

तळेगावहून वराळ्याच्या बाजूने इंद्रायणीचा पूल ओलांडला की आंबी लागतं. एकीकडे भातखाचरं, दुसरीकडे एमआयडीसीच्या शेडी, आणि मध्ये अभियांत्रिकीचं कॉलेज. कॉलेजामागोमाग वसतिगृहं आली, खानावळी आल्या, झेरॉक्सची दुकानं आली. त्या रांगेत एका पत्र्याच्या गाळ्यात एक मावशी शिवणकाम करतात. मी त्यांच्याकडे ब्लाउज टाकते. त्यांचा धंदा इतकी वर्षं ब्लाउज आणि पिको-फॉलवर चालला, पण अलीकडे जानेवारी-फेब्रुवारी आला की त्या ब्लाउज घेतच नाहीत. गॅदरिंगचा हंगाम असतो. मुलींना ‘पारंपरिक दिवसा’साठी शिवलेली नऊवारी हवी असते. परकरासारखी पायांतून चढवायची, नाडी आवळायची, पदर खांद्यावर टाकायचा, पाच मिनिटांत तयार.

यंदा गेले तेव्हा मावशींच्या मशिनवर मोबाइल टेकवून ठेवलेला होता आणि त्यावर ‘ब्रह्मचारी’तलं शम्मी कपूर आणि मुमताजचं गाणं मध्येच थांबवलेलं. केशरी साडी, अंगाला गच्च बसलेली, सोनेरी काठ तिरके वळसे घेत वर गेलेले. मावशी ते चित्र दोन बोटांनी मोठं करून बघत होत्या.

“ही नेसलेली न्हाई,” त्या म्हणाल्या. “एवढं नाचून एक निरी हलंना. आतून टाचलीय. ताई, तुम्ही लिव्हता-वाचता. साडी पयल्यांदा कुणी शिवली वो?”

उत्तर मला येत होतं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. ‘ब्रह्मचारी’ १९६८चा. ती साडी वेशभूषाकार भानू अथैयांची. मी त्यांना नाव सांगितलं, ऑस्करचं सांगितलं, आणि कोल्हापूरच्या म्हटल्यावर मावशींनी मशिनवरून मान वर केली. “कोल्हापूरची? मंग आपलीच की!”

मग भानूबाईंची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगत बसले. जन्म २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर, माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये. त्याच वर्षी त्याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. वडील अण्णासाहेब चित्रकार. कोल्हापुरात तेव्हा चित्रकार आणि सिनेमावाले यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. बाबूराव पेंटर सकाळी कॅनव्हास रंगवत आणि दुपारी सिनेमाचे पडदे. भानू लहान असतानाच वडील गेले. आईच्या पदरी सात मुलं. तरी मुलीच्या हातातला ब्रश कुणी काढून घेतला नाही. पुढे ती मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आली, १९५१ साली तिथलं सुवर्णपदक मिळवलं, आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांबरोबर प्रदर्शनात चित्रं मांडणारी ती एकटी बाई होती.

इथे मावशींनी मला अडवलं. चित्रं काढणारी बाई कपड्यांत कशी आली, हे त्यांना हवं होतं. ऑस्करशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

त्याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. पोटासाठी. मुंबईत महिलांच्या इंग्रजी मासिकांत फॅशनची रेखाटनं काढायचं काम मिळालं. ‘ईव्ह्ज वीकली’त ती चित्रं छापून येत. त्या मासिकाच्या संपादकांनी कपड्यांचं दुकान काढलं तेव्हा कागदावरचे कपडे प्रत्यक्षात बेतायला तिलाच बोलावलं. दुकानात नट्या येऊ लागल्या, त्यातून सिनेमा. १९५६च्या ‘सी.आय.डी.’पासून त्यांची कारकीर्द मोजतात. पुढे गुरुदत्तचा ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’, ‘वक्त’, आणि शंभराहून जास्त चित्रपट.

“म्हंजी आधी कागदावर काढायची,” मावशी म्हणाल्या. “मी बी काढीन आता.” आणि खरंच, पुढच्या खेपेला गेले तर कटिंगच्या टेबलाखाली शंभर पानी वही होती. त्यात पेन्सिलीने काढलेली बाईची बिनमुंडक्याची आकृती आणि तिच्यावर काठांच्या रेषा. हात, पाय, डोकं काही नाही, फक्त काठ कुठून कुठे जातो ते. शिंप्याला तेवढंच लागतं.

माझं मात्र समाधान होत नव्हतं. साडी पहिल्यांदा शिवली १९६८ला, असं सांगून मी मोकळी झाले होते, पण हे उत्तर जरा जास्तच सोपं होतं. एका बाईने एका गाण्यासाठी साडी शिवली आणि पन्नास-साठ वर्षांनी आंबीतल्या मुली तसलीच मागतात. मधलं काय? आणि आधीचं? न शिवलेल्या वस्त्राचा एवढा दरारा का होता की ते शिवणं हीच बातमी व्हावी? म्हणून मागे जायला लागले. आणि गंमत अशी की मागे जाणारी ही वाट मावळातूनच जाते.

तळेगावला लोकलमध्ये बसायचं. वडगाव, कान्हे, कामशेत गेलं की मळवली. तिथून डोंगरावर कार्ल्याची लेणी. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. एकीच्याही अंगावर सुई लागलेलं वस्त्र नाही. कमरेला जाड पट्टा, पायांत वजनदार वाळे, आणि कापड गुंडाळून, खोवून, गाठ मारून बसवलेलं. पाथरवटाने दगडात गाठसुद्धा दाखवलीय. समोरच एकवीरेचं देऊळ. चैत्रात यात्रेला कोळणी येतात, गुडघ्यापर्यंत घट्ट काष्टा मारलेलं लुगडं नेसून त्या पायऱ्या चढतात आणि दगडातल्या त्या बायकांच्या शेजारून जातात. मला हा देखावा एखाद्या वस्त्रसंग्रहालयापेक्षा बोलका वाटतो. तपशील सगळे बदलले आहेत, पण खोवायची हातोटी तीच.

भानू अथैयांनी हीच शाळा अजिंठ्याला केली. १९६६च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी तिथल्या भित्तिचित्रांतली वस्त्रं अभ्यासली, आणि वैजयंतीमालाच्या अंगावर जे आलं ते लोकांनी इतकं मानलं की पुढची कित्येक वर्षं पौराणिक बाई म्हटलं की तसलीच दिसायला लागली. दोन वर्षांनी ‘ब्रह्मचारी’ आला. एका वर्षी न शिवलेल्या वस्त्राचा खोल अभ्यास आणि दुसऱ्या वेळी त्यालाच सुई. मला यात विरोध दिसत नाही. कापड आपल्या आपण कसं पडतं हे ज्याला कळलं, त्यालाच ते कुठे टाचायचं ते कळतं.

मळवलीचं आणखी एक देणं आहे आणि ते लेण्यांइतकं कुणी सांगत नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला. मग प्लेग आला, आणि पुढे तो छापखाना मळवलीला हलला. तंत्र जाणणारा श्लायशर नावाचा जर्मन गृहस्थ पुढे त्याचा मालकच झाला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, मोहिनी यांच्या तसबिरी इथून छापून देशभर गेल्या, देवघरांत आणि दुकानांत लागल्या. त्याआधी देवी काय नेसते यावर गावागावांत एकमत असण्याचं कारण नव्हतं. रविवर्म्याने तिला काठपदराची साडी नेसवली, आणि छापखान्याने ती सगळ्यांना एकसारखी नेसवली. त्याच्या चित्रांतल्या कित्येक बायका तर सरळ मराठी धाटणीची नऊवारी नेसलेल्या आहेत. मावळातल्या एका रेल्वे स्टेशनाजवळच्या छापखान्याने देवींचा पोशाख ठरवावा, याला काय म्हणावं! १९७२ साली आग लागून तो छापखाना संपला.

देवींना चित्रकाराने नेसवलं, तर मराठी बायकांना नेसायला शिकवलं ते एका पुरुषाने. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे शालू, पैठण्या, पदर घ्यायची त्यांची ढब, अंबाड्यातला गजरा हे सगळं प्रेक्षागृहात बसलेल्या बायका डोळ्यांत साठवून घरी नेत. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. तिच्या कर्जात या शालूंचा वाटा मोठा होता. फॅशन डिझायनर हा शब्दही आपल्याकडे आला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आणि हे सगळं वैभव नेसलेलं होतं, शिवलेलं नव्हे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट कापड, आणि रोज सकाळी नव्याने त्याला आकार द्यायचा. ओचा, निऱ्या, काष्टा, पदर. एकही टाका नाही.

टाका नको यामागे धर्मही होता. शिवलेलं वस्त्र सोवळ्याला चालत नसे. अखंड कापड पवित्र, सुईने भोसकलेलं नाही. चोळी शिवलेली असे, पण तीसुद्धा पुढे गाठ मारायची. पोलकं आणि झंपर बटणं घेऊन आले तेव्हा घरोघरी म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मग गोल पातळ आलं. काष्टा गेला, परकर आला, आणि आजेसासूबाईंनी सुनेकडे पाठ फिरवली. आज आपण जिला ‘पारंपरिक’ सहावारी म्हणतो तिच्या निऱ्या आणि खांद्यावरचा पदर हीसुद्धा पुष्कळशी एकोणिसाव्या शतकाची जुळवाजुळव आहे. रवींद्रनाथांची वहिनी ज्ञानदानंदिनी देवी १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात आली, पारशी बायकांची नेसण्याची तऱ्हा तिने उचलली, आपल्यापरीने बदलली आणि बंगालात नेली. शिवाय दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आलं, १९४३चा हुकूम निघाला, तेव्हा नऊ वारांची चैन आणखी महाग झाली. परंपरा म्हणून आपण जे कवटाळतो त्याची जन्मतारीख विचारू नये हे खरं, पण मला ती विचारायची खोड आहे.

मावळात नऊवारी टिकली ती कुणाच्या अभिमानाने नाही, भातामुळे. गुडघाभर चिखलात वाकून रोप लावायचं, डोक्यावर इरलं, तर सहावारी घोळ चिखलात भिजणार. काष्टा मारून वर खोचलेलं लुगडं त्या कामाला सोयीचं. ओच्यात चार शेंगा, विळा पुसायचा फडका, तंबाखूची चंची. गमतीची गोष्ट म्हणजे मावशींच्या गाळ्यात शिवलेल्या नऊवारीचे जे प्रकार टांगलेले असतात त्यात एकाचं नाव ‘लावणी’ आहे. ती भातलावणी नव्हे, नाचातली. बाकीची नावं पेशवाई, मस्तानी, शाही मस्तानी. बुंदेलखंडातून आलेली मस्तानी काष्टा मारत होती का, हे विचारायला कुणी जात नाही, आणि गिऱ्हाइकाला तरी कशाला हवंय! शिवलेल्या नऊवारीला ओचा असतो, पण नुसता दाखवायला. त्यात काही ठेवता येत नाही. मावशींनी त्यावर उपाय काढलाय. ओच्याच्या घडीखाली आतल्या बाजूला मोबाइलपुरता खिसा. मुली तेवढ्यासाठी पन्नास रुपये जास्त देतात.

मावशींच्या वहीत भानूबाईंचं आणखी एक काम शिरलं. मी त्यांना ‘गांधी’चं सांगितलं होतं. रिचर्ड अॅटनबरो हा इंग्रज दिग्दर्शक, त्याला हिंदुस्थान कपड्यांतून दाखवायचा होता. ब्रिटिशांचे पोशाख जॉन मोलो बघणार होता. ‘स्टार वॉर्स’साठी ऑस्कर घेतलेला तो माणूस. हिंदुस्थानी माणसांचे कपडे भानूबाईंकडे. दक्षिण आफ्रिकेतल्या सूट-टायमधल्या बॅरिस्टरपासून पंचा नेसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत एकाच माणसाचे कपडे वर्षावर्षाने कमी करत न्यायचे. खऱ्या गांधींनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुरेला अंगावरचे शिवलेले कपडे सोडले आणि पंचा धरला. १९८३च्या एप्रिलमध्ये मोलोबरोबर भानूबाईंना ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. ज्या बाईने न शिवायच्या वस्त्राला शिवण घातली, तिला जगाने मान दिला तो शिवलेले कपडे टाकून देणाऱ्या माणसाच्या चित्रपटासाठी.

“पंचाला काय डिझाइन?” मावशींनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, पंचा किती वर, सूत किती जाड, धुऊन धुऊन किती पांढरं पडलेलं, गुडघ्याशी किती चुरगळलेलं, हेच डिझाइन. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. पण त्या दिवशी एका मुलीची नऊवारी इस्त्री करून कडक करायचं त्यांनी टाळलं. “नव्याची नवी दिसती. दुकानातली वाटती,” एवढंच म्हणाल्या.

भानूबाईंना पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०१०मध्ये त्यांनी वेशभूषेवरचं पुस्तक काढलं. २०१२मध्ये ऑस्करची बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून त्यांनी ती अकादमीकडे परत पाठवून दिली, आणि १५ ऑक्टोबर २०२०ला, एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्या गेल्या. बाहुली परत पाठवली हे मावशींना फार आवडलं. घरात सोनं ठेवण्याचा ताप त्यांना ठाऊक आहे.

इतकं सगळं झाल्यावर मला वाटलं, मागोवा लागला. कार्ल्याच्या गाठीपासून मुमताजच्या केशरी साडीपर्यंत शिवण नव्हती, मग ती आली. मोठ्या पडद्यावरून उतरून बाजारात आली, इलास्टिक आणि चेन लावून आंबीत आली. कागदावर हे सगळं छान बसत होतं.

गॅदरिंगच्या चार दिवस आधी एक मुलगी आली. लातूरकडची, दुसऱ्या वर्षाला. तिने पिशवीतून आजीचं लुगडं काढलं. हिरवं, लाल काठाचं, धुवून मऊ पडलेलं. आजी गेल्याला वर्ष झालं होतं. याचीच नऊवारी शिवून द्या म्हणाली. मग जरा ओशाळून, “मावशी, पण हे डिफेक्टिव्ह आहे. मध्येच जोड आहे.”

मावशींनी लुगडं टेबलावर पसरलं. बरोबर मध्यावर आडवी शिवण होती. काठाला काठ तंतोतंत जुळवलेला, टाके हाताचे, बारीक, एकसारखे.

“डिफेक्ट न्हाई गं. दंड हाय हा.”

मुलीला कळलं नाही. मलाही कळायला क्षणभर लागलं, आणि मग लाज वाटली, कारण माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द मी ऐकला होता. काष्ट्याचं लुगडं बसून-उठून मधोमध विरतं. टोकं धड राहतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन धडकी टोकं एकमेकांना जोडायची. त्या जोडाला दंड म्हणतात, कुणी दांड म्हणतं. दंड घातलेलं लुगडं म्हणजे नवं घ्यायची ऐपत नाही याची जाहिरात. म्हणून बायका ती शिवण निऱ्यांत किंवा काष्ट्यात लपेल अशी नेसत. चारचौघांत दिसू देत नसत. त्याहीपुढे विरलं की गोधडी.

म्हणजे साडीला पहिली सुई लागली ती कुठल्या स्टुडिओत नाही. कंदिलाच्या उजेडात, परवडत नाही म्हणून. मी कार्ल्याला गेले, मळवलीला गेले, बालगंधर्वांच्या कर्जापर्यंत पोचले आणि ही शिवण वाटेत मला एकदाही दिसली नाही. ज्यांनी ती घातली त्यांनी ती दिसू नये म्हणूनच नेसण्याची युक्ती केली होती. चित्रांत ती येत नाही, नाटकात येत नाही, लेण्यात तर नाहीच. सोवळ्याच्या नियमांची चर्चा करणाऱ्यांच्या घरात ती बहुधा मोलकरणीच्या अंगावर असणार.

मी मावशींना म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं मी चुकीचं उत्तर दिलं होतं. त्या हसल्या. “मला ठावं व्हतं. माझ्या आईच्या अंगावं दंडाचंच असायचं. मी इचारलं ते शिनेमातलं.”

प्रश्न आता कापण्याचा होता. शिवलेली नऊवारी करायची तर साडी कापावीच लागते. आसन घ्यायचं, दोन्ही पायांचे भाग वेगळे काढायचे, पदराचा तुकडा वेगळा. नव्या साडीला मावशी डोळे झाकून कात्री लावतात. या लुगड्यावर त्यांनी टेप ठेवला, उचलला, परत ठेवला. मुलीची कंबर, उंची, आसन मोजलं. वहीतलं एक पान उघडून पेन्सिलीने रेघ ओढली, खोडली. मग टेप दंडावर आणून ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी किती कापड पडतं ते मोजलं.

कात्री त्यांनी मशिनच्या खणात टाकली. खणातून जुनं ब्लेड काढलं, लुगड्याचं टोक मुलीच्या हातात दिलं, ताणून धर म्हणाल्या, आणि आजीचा दंड एकेक टाका करत उसवायला घेतला.